नांदूर मध्यमेश्वरला जाताय? आधी पाणी विचारा

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जायचं ठरलं की लोक आधी कॅलेंडर काढतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, शक्यतो रविवार, शक्यतो लग्नाची तिथी नसलेला. माझं म्हणणं, कॅलेंडर मागून बघा. आधी तिथल्या चापडगावच्या एखाद्या गाईडला फोन लावा आणि ‘पाणी कसं आहे?’ एवढंच विचारा. ‘थोडं उतरलंय, चिखल उघडा पडलाय’ असं उत्तर आलं तर निघा. ‘काठोकाठ आहे’ म्हणाला तर आठवडाभर थांबा, काही बिघडत नाही. पक्षी पळून जात नाहीत, फक्त लांब जातात. आणि लांब गेलेलं बदक आपल्याला मोहरीच्या दाण्याएवढं दिसतं.

हे मी एवढ्या ठामपणे सांगते, कारण त्या पाण्याशी माझी ओळख पक्ष्यांच्याही आधीची. माझं माहेर राहाता तालुक्यात, गोदावरीच्या उजव्या कालव्यावर. आमच्या घरात ‘नांदूर’ हे नाव पक्ष्यांसाठी कधी कुणी काढलं नाही. ‘नांदूरहून पाणी सुटलं का’, ‘सुटलंय म्हणे, आपल्या चारीला परवा येईल’, एवढाच त्याचा उल्लेख. वडील पाणी मागायचा सात नंबरचा अर्ज भरायचे, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याशी गोड बोलायचे आणि रात्रीची बारी आली की बॅटरी नि खोरं घेऊन उसात जायचे. उन्हाळ्यातलं आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडायची पाळी, लांबलं की घरातलं बोलणंच कमी व्हायचं. ते पाणी जिथून वळतं तिथे थंडीत हजारो बदकं उतरतात, हे मला लग्न होऊन नाशिकरोडला आल्यावर कळलं. प्रत्यक्ष जाणं झालं ते निवृत्तीनंतर. आता मात्र थंडी पडली की आमची चक्कर असतेच.

तर हे ठिकाण मुळात पक्ष्यांसाठी केलेलं नाही. गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते, नाशिक शहरातून वाहते आणि निफाड तालुक्यात तिला कादवा मिळते. त्या संगमापाशी इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा घातला गेला. मोठं धरण नव्हे, बंधाराच. साठवण वरच्या धरणांत करायची, दारणा त्यातलं जुनं, १९१६ सालचं. तिथून सोडलेलं पाणी नदीच्या पात्रातून खाली येतं, नांदूरला अडतं आणि डाव्या-उजव्या कालव्यांत वळतं. येवल्यापासून कोपरगाव-राहात्यापर्यंतची शेती त्यावर उभी राहिली. शंभर वर्षांहून जास्त काळ हे चालू आहे आणि तेवढाच काळ बंधाऱ्यामागे गाळ साचतो आहे. पाटबंधारे खात्याच्या हिशेबात तो निव्वळ तोटा. पण त्याच गाळाची बेटं झाली, उथळ पाणथळ तयार झाली, पाणकणीस आणि लव्हाळा माजला, आणि ज्यांना गुडघाभर पाण्यापेक्षा जास्त नको असतं असे सगळे पक्षी इथे आले. १९८६ साली सरकारनं अभयारण्य जाहीर केलं, साधारण शंभर चौरस किलोमीटरचं. त्यात गावं आणि शेतंही आली. जानेवारी २०२० मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव लागल्याचं जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. लोणार आणि ठाण्याची खाडी त्यानंतरची.

आता ‘महाराष्ट्राचं भरतपूर’. हे विशेषण पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या नावावर सांगितलं जातं आणि प्रत्येक फलकावर, प्रत्येक बातमीत असतंच. मला ते जरा अडचणीचं वाटतं. राजस्थानातलं भरतपूरचं पक्षी उद्यान मी पाहिलंय. तिथे सायकलरिक्षात बसायचं, रिक्षावालाच पक्षी दाखवतो, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगाला, हात लांब केला तर लागतील इतक्या जवळ करकोचे उभे असतात. ते डोक्यात घेऊन नांदूरला आलात तर पहिला अर्धा तास हिरमुसल्यासारखं होणार. इथे समोर नदीचा प्रचंड फुगवटा आहे, पलीकडचा काठ धुक्यात, आणि पक्षी मधल्या बेटांवर. नुसत्या डोळ्यांना पाणी, झाडं आणि काही ठिपके दिसतात. पण मोठ्या दुर्बिणीला डोळा लावला की त्याच ठिपक्यांचं एवढं काही निघतं की उठवत नाही. म्हणून या ठिकाणचा खरा खर्च तिकिटाचा नाही. तिकीट किरकोळ आहे. खर्च करायचा तो गाईडवर आणि त्याच्याकडच्या स्टँडवरच्या दुर्बिणीवर. तिथे हात आखडू नका.

आमच्या अहोंनी आखडला होता. ते प्रेसमधून निवृत्त झालेत, हिशेबाला पक्के. फाटकाशी म्हणाले, “गाईड कशाला? पक्षी काय लपून बसलेत?” बरोबर माझ्या नणंदबाई होत्या, डोंबिवलीच्या, आणि त्यांचा नऊ वर्षांचा नातू. वन्संनी पर्समधून पैसे काढले आणि म्हणाल्या, “मी देते. मला या वयात चुकीच्या पक्ष्याला नमस्कार करायचा नाहीये.” विषय संपला.

गाईड तिथलाच, घरी कांदा आणि थोडा गहू असलेला तरुण मुलगा. त्याच्या कामाची पद्धत मला फार आवडली. एक तर तो बोट दाखवत नाही. हात उंचावला की पक्षी सावध होतात म्हणे. तो तोंडानं पत्ता सांगतो: “ती आडवी पडलेली बाभूळ दिसते ना काकू, तिच्या डावीकडचं दुसरं बेट, त्याच्या शेंड्याला पांढरं काही हलतंय.” आपण दुर्बीण तिथे न्यायची. सापडलं नाही तर तो मोठी दुर्बीण लावून देतो. नातवासाठी स्टँड खाली केला, वन्संसाठी वर केला, मला म्हणाला चष्मा काढा आणि हे चाक स्वतः फिरवा, तुमच्या डोळ्याचं तुम्हालाच कळणार. नावं मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही सांगायचा. न दिसलेला पक्षी दिसला म्हणून सांगायचा नाही, हे विशेष. वन्संनी विचारलेल्या एका बदकाबद्दल सरळ म्हणाला, “मादी आहे, पाठमोरी आहे, एवढ्यावरून मी नाव घेणार नाही.” इतकी सचोटी मी दागिन्यांच्या दुकानातही पाहिलेली नाही.

त्यानंच मला ‘पाणी विचारा’ची गोष्ट समजावली. माहेरच्या कालव्यामुळे अर्धी मला आधीच कळत होती. आवर्तन चालू असलं की कालव्यांत पाणी चढावं म्हणून बंधाऱ्याची पातळी वर ठेवावी लागते. मग काठचा चिखल बुडतो, बेटांच्या कडा बुडतात. शेकाट्या, तुतवार, चिखले असे चोचीनं चिखल टोचणारे पक्षी मग दुसरीकडे जातात. थापट्या, तलवार बदक, गडवाल ही डोकं पाण्यात आणि शेपूट आभाळात करून चरणारी बदकं. त्यांची मान तळाला पोचेल एवढंच पाणी त्यांना हवं असतं. पाणी खोल झालं की तीही उथळ कोपरे शोधत सरकतात. बुडी मारणाऱ्या लालसरींना मात्र खोल पाणी चालतं. उलट पातळी उतरली की चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि एका दुर्बिणीच्या गोलात चार-पाच जातींचे पक्षी एकत्र दिसतात. म्हणजे राहात्याच्या उसाला पाणी सुटलंय की नाही यावर चापडगावात कोणता पक्षी कुठे दिसेल हे ठरतं. मला तर हे फारच घरचं वाटलं.

आम्ही गेलो तेव्हा आवर्तन संपत आलं होतं, पाणी उतरतं होतं. पहिल्याच मनोऱ्यावरून दिसली ती चक्रवाकांची जोडी, नारिंगी-तपकिरी अंगाची, चिखलावर शेजारी शेजारी बसलेली. वन्संना चक्रवाक म्हटल्यावर लगेच रात्रीचा विरह वगैरे आठवलं. गाईड शांतपणे म्हणाला, “रात्री चरायला जातात ते, शेतांतून बसतात.” विरहाचं असं झालं. पण तो पक्षी लडाख-तिबेटकडच्या उंचावरच्या तळ्यांकाठी अंडी घालतो आणि हिवाळ्यापुरता आमच्या निफाडात येतो, हे ऐकल्यावर अहोंनी पहिल्यांदा दुर्बीण मागितली. नंतर ती परत मिळवायला मला भांडावं लागलं.

मग एकेक येत गेले. थापट्यांचा एक घोळका गोल गोल फिरत होता, प्रत्येकाची फावड्यासारखी चोच पाण्यात, पुढच्यानं ढवळलेलं मागचा गाळून खातो. हळदीकुंकू बदक, हे आपल्याकडचंच, बारमाही. पिवळ्या टोकाची चोच आणि बुडाशी लाल ठिपके, वन्संनी लांबूनच ‘अखंड सौभाग्यवती भव’ म्हटलं. चमचे पक्ष्यांची रांग उथळ पाण्यात चोच डावी-उजवीकडे फिरवत चालली होती. चित्रबलाक एका बाभळीवर. वारकरी म्हणजे काळी, पांढऱ्या कपाळाची पाणकोंबडी, शेकड्यांनी. त्यांच्यात मारामारीही सतत चालू होती, त्यामुळे हे नाव कुणी ठेवलं असेल ते असो. पाणकणसाच्या कडेला जांभळ्या पाणकोंबड्या, लाल पाय उचलून टाकत, एका पायात देठ धरून सोलून खात होत्या. नातू त्या पाणकोंबड्यांवर जो खिळला तो तिथून हलेना. त्याला दूरदेशीची बदकं नकोच होती. त्याला पायात देठ धरणारा पक्षी हवा होता.

आणि मग दलदली भोवत्या आला. हा शिकारी पक्षी पाणकणसाच्या डोक्यावरून, पंख किंचित वर धरून, अगदी खालून रेंगाळत उडतो. आम्हाला तो दिसायच्या आधी सगळ्या पाण्याला कळला. आधी वारकरी पाण्यावरून धावत सुटले, पाय आपटत, फटफट आवाज करत. मग एका टोकापासून बदकं उठली, थर थर, आणि डोक्यावरून दोनदा वळसा घेऊन गेली. पंखांचा जो आवाज झाला तो मी लिहून सांगू शकणार नाही. भोवत्याच्या हाती काही लागलं नाही. दहा-पंधरा मिनिटांत सगळे परत जागच्या जागी आणि परत खाणं सुरू. कवड्या धीवर, म्हणजे काळा-पांढरा खंड्या, तेवढा या गोंधळात एकाच ठिकाणी हवेत पंख फडफडवत लटकलेला होता, त्याचं लक्ष माशावर.

तेवढ्यात काठावर एक मोठा ग्रुप आला. स्पीकर होता, गाणं होतं, आणि ‘एकदा टाळी वाजवा ना, उडतानाचा फोटो पाहिजे’ असा आग्रहही. गाईड त्यांच्याकडे चालत गेला आणि आवाज न चढवता सांगितलं, की हे पक्षी हजारो किलोमीटर उडून आलेत, फेब्रुवारी-मार्चात तेवढंच परत जायचंय, त्यासाठी इथे खाऊन अंगात चरबी करतायत. तुमच्या एका टाळीत त्यांचं अर्ध्या तासाचं खाणं जातं. भोवत्या उठवतो तो पोटासाठी. गाणं बंद झालं. ग्रुपमधल्या एका मुलीनं येऊन आमच्या दुर्बिणीतून बघितलं आणि ती शेवटपर्यंत आमच्याबरोबरच राहिली.

फ्लेमिंगो? नाही दिसले. वन्संचा मुख्य प्रश्न तोच होता. त्यांच्याकडे ऐरोलीच्या पुलावरून जाता-येता खाडीत गुलाबी पट्टा दिसतो, त्यामुळे ‘नदीत तर असतीलच’ अशी त्यांची समजूत. इथेही रोहित, म्हणजे फ्लेमिंगोच, येतात, पण ते मनावर आहे, थोडे येतात, कधी येतात. फक्त फ्लेमिंगोसाठी येणार असाल तर ठाण्याची खाडी गाठा. नांदूरची खरी मजा गोड्या पाण्यातल्या बदकांत आहे. पक्ष्यांच्या अडीचशेच्या आसपास जाती इथे नोंदल्या गेल्यात, त्यात माळावरचे आणि शेतातलेही धरून. एका सकाळी त्यातल्या पन्नास-साठ दिसल्या तरी गाईडला दाद द्यावी.

रस्त्याचं थोडक्यात. नाशिकहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यानं निघायचं, चांदोरीला आत वळून सायखेड्याच्या पुलावरून गोदावरी ओलांडायची आणि गावं विचारत चापडगाव. चाळीसेक किलोमीटर. स्वतःची गाडी असलेली बरी, कारण सूर्योदयाच्या सुमाराला पोचायचं तर दुसरं साधन भरवशाचं नाही. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या मागे अडकायची तयारी ठेवा. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच असं नाही. पहाटेच्या अंधारात गाडी हळू चालवा.

थंडीबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण मुंबईची मंडळी हमखास फसतात. निफाडची थंडी ही वर्तमानपत्रात छापून येणारी थंडी आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा किती उतरला याची बातमी होते आणि बऱ्याचदा तो आकडा राज्यातला सगळ्यात खालचा असतो. त्या रात्री द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवतात, मणी तडकू नयेत म्हणून. पहाटे जाताना रस्त्याच्या कडेला बागांवर धुराचा थर दिसतो तो त्याचा. वन्सं एक शाल घेऊन आल्या होत्या, डोंबिवलीच्या हिशेबानं. मनोऱ्यावर वारा लागल्यावर त्यांनी अहोंची कानटोपी काढून घेतली. कानटोपी, मोजे, जाड स्वेटर, सगळं मळकट रंगाचं. आणि त्याच दिवशी दहा-साडेदहाला ऊन चटका देतं, तेव्हा हे सगळं काढून धरायला एक पिशवीही. उन्हाबरोबर पाण्यावर हवा थरथरायला लागते आणि चांगल्यातल्या चांगल्या दुर्बिणीतूनही पक्षी वितळल्यासारखे दिसतात. म्हणून लवकर जायचं, बाकी काही पुण्याचं कारण नाही.

पाणी आणि खाऊ घरून न्या. येताना आम्ही महामार्गावर एका ठिकाणी मिसळ खाल्ली, तिचं नाव घेण्यासारखं नाही. त्याआधी मात्र गाईडला आदल्या दिवशी विचारून ठेवलं होतं म्हणून गावात एका घरी बाजरीची भाकरी, भरीत आणि कांद्याची पात मिळाली. अशी सोय होते का हे विचारायला हरकत नाही. ऐनवेळी मात्र मागू नका, त्या घरच्या बाईला शेतातही जायचं असतं.

पायवाट सपाट आहे, धुळीची, कडेला बाभळी. माझे गुडघे वयाला साजेसे आहेत तरी त्रास झाला नाही. मनोऱ्याच्या पायऱ्या तेवढ्या सावकाश चढा. वाट सोडून उसाच्या बाजूला लघवीला वगैरे जाऊ नका, विशेषतः मुलांना पाठवू नका. निफाडच्या उसात बिबट्या असतो, ही इथे बातमी नाही, रोजची गोष्ट आहे.

वेळ असेल तर परतताना खाणगाव थडीच्या बाजूनं बंधाऱ्यावर जा. पक्ष्यांच्या मंडळींना तिथे फारसं काही वाटत नाही, एखादी नदी सुरय, पाणकावळे पंख वाळवत बसलेले. मला मात्र तिथेच जास्त वेळ हवा होता. कालव्याच्या तोंडाशी उभं राहून पाणी बघितलं आणि भावाला फोन केला, “अरे, नांदूरला उभी आहे, पाणी चालू आहे.” तो म्हणाला, “किती आहे? आणि कधीपर्यंत ठेवणार म्हणतात?” बहीण कशी आहे, काय पाहिलं, काही नाही. पावसाळ्यात टीव्हीवर ‘नांदूर मध्यमेश्वरमधून जायकवाडीकडे इतके क्युसेक विसर्ग’ अशी पट्टी फिरते तीही याच जागेची. नाशिकवाले म्हणतात आमचं पाणी चाललं, नगरवाले म्हणतात आमच्या वाट्याचं गेलं, मराठवाडा म्हणतो अजून पोचलंच नाही. या तिघांच्या भांडणात पक्ष्यांचा हिस्सा कुठल्याच तक्त्यात नाही. त्यांना मिळतो तो गाळ, जो कुणालाच नको होता.

एक गोष्ट मनाला लागली ती पाणवेलींची. काही फुगवट्यांवर इतका हिरवा थर होता की नवख्या माणसाला ते गवताचं कुरण वाटावं. जांभळ्या पाणकोंबड्या आणि कमळपक्षी त्यावर मजेत फिरतात, त्यामुळे फोटो सुंदर येतात. पण बदकांना उतरायला उघडं पाणी लागतं, आणि थराखाली ऊन पोचत नाही म्हणून पाण्यातल्या वनस्पती मरतात. या वेली कशावर पोसतात? वरच्या शहराच्या सांडपाण्यावर. म्हणजे आमच्याच. नाशिकरोडच्या माझ्या मोरीतलं पाणी शेवटी तिथेच जातं. पावसाळ्यात पूर आला की याच वेली वाहून सायखेड्याच्या पुलाला अडकतात, त्याचे फोटो दर वर्षी छापून येतात. अभयारण्याच्या फाटकावर कितीही चांगला कारभार असला तरी हे काम तिथे होण्यासारखं नाही, ते रामकुंडाच्या आसपासच व्हायला हवं. २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशकात एवढी तयारी चालली आहे. घाट आणि रस्ते होतीलच, नदीत पडणारे नाले बंद झाले तर साधूंच्या आधी बदकं आशीर्वाद देतील.

तारे द्यायचे तर पाचपैकी चार. कापलेला एक पाणवेलींसाठी, आणि तो नाशिककरांच्या खात्यावर टाकावा ही विनंती. गाईडला वेगळे पाच.

कुणी जाऊ नये हेही सांगते. ज्यांना तासाभरात ‘झालं बघून’ करायचंय त्यांनी नको. मोबाईलवर फोटो काढून लगेच टाकायचेत त्यांनीही नको, ठिपक्यांशिवाय काही येणार नाही. मोठी लेन्स असलेले लोक जातातच, त्यांना माझ्या सल्ल्याची गरज नाही. लहान मुलांना जरूर न्या, पण एका दुर्बिणीमागे चारपेक्षा जास्त मुलं नकोत, नाहीतर रांगेतच भांडण होतं. शाळेच्या सहलीवाल्यांनी बस भरून आणण्याऐवजी दोन खेपा कराव्यात आणि आदल्या दिवशी गाईडांना कळवावं. जानेवारी-फेब्रुवारीत इथे पक्षी महोत्सव भरतो, तेव्हा माहिती खूप मिळते आणि गर्दीही. मला विचाराल तर महोत्सवाच्या तारखा टाळून मधल्या वारी जा. वन्सं आता परत यायचं म्हणतायत, मार्चच्या आधी. मी त्यांना सांगून ठेवलंय, तिकीट काढू नका, आधी भावाला विचारते उन्हाळी आवर्तन कधी आहे ते.